शून्य, शून्य, चार, चार, चार

लालबागच्या ज्या चाळीत जयवंत धुरी राहतो तिथे त्याला पाठीमागे संकासुर म्हणतात. शिमग्यातल्या त्या काळ्या, दांडगट संकासुराशी ह्याचं काही म्हणजे काही साम्य नाही. हा बिचारा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्याला शंका फार. घराला कुलूप लावलं की तो ते तीनदा ओढून बघतो. मग जिना उतरतो, दुसऱ्या मजल्यावर थबकतो आणि गॅस बंद केला का, म्हणून परत वर जातो. बायको अंबिका तोवर खाली फाटकाशी पोचलेली असते. ती वर मान करून विचारते की झाला का बंद, आणि जयवंतच्या आधी चार गॅलऱ्यांतून उत्तर येतं की झाला.

रोज सकाळी पावणेनऊला तो शीव कोळीवाड्याला राहणाऱ्या आपल्या थोरल्या बहिणीला, मालनला, फोन करतो. फोनवरचं बोलणं ठरलेलं. हा विचारणार, "ताई, कार्ड पर्सात आसा मां?" ती म्हणणार, "आसा रे बाबा." झालं, फोन बंद. गेली पंचवीस-तीस वर्षं हे चाललंय. मालनची सून एकदा म्हणाली, मामांना कार्ड आहे असं रेकॉर्ड करून पाठवून द्या, रोजचा त्रास वाचेल. मालनला हसू आलं, पण तिने तसं काही केलं नाही. ती फोन उचलते आणि आसा म्हणते.

ह्या कार्डाची हकिकत आधी सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

चौऱ्याण्णव साली मालन पहिलटकरीण. बाळंतपण जवळच्याच एका लहानशा प्रसूतिगृहात झालं, मुलगा झाला, आणि मग रक्तस्राव थांबेना. रक्तगट तपासला तो घाईघाईत, दोन नळ्यांत. ओ निघाला. ओची बाटली चढवली. दहा मिनिटांत मालनला हुडहुडी भरली, पाठ मोडल्यासारखी दुखायला लागली, लघवी काळपट झाली. तिला उचलून मोठ्या हॉस्पिटलात नेलं तेव्हा ती बोलतसुद्धा नव्हती. तेवीस दिवस ती तिथे होती. जयवंत तेव्हा पंचवीस वर्षांचा. तो रोज कॉटच्या पायथ्याशी उभा राहायचा आणि तिथे टांगलेला कागद वाचायचा. त्यावर पाच नळ्यांचे पाच आकडे लिहिलेले होते. शून्य, शून्य, चार, चार, चार. आणि खाली मोठ्या अक्षरांत, बॉम्बे ग्रुप.

ह्याच शहरात पहिल्यांदा सापडला म्हणून गटाला शहराचं नाव. दहा हजारांत एखाद्याचा असतो. वरवर तपासलं तर तो ओसारखाच दिसतो, पण ह्या माणसाला ओचं रक्त म्हणजे विषच. आपल्यासारख्याच दुसऱ्या बॉम्बे गटवाल्याचं रक्त मिळालं तर मिळालं. मालन वाचली ती पुण्याहून आलेल्या एका बाटलीवर. तेव्हापासून तिच्या पर्समध्ये रक्तगटाचं ते कार्ड आहे, आणि तेव्हापासून अशी निकड निघाली की ती स्वतःही रक्त देते. आजवर सतरा वेळा दिलं. जयवंतने स्वतःचं तपासून घेतलं तर गट निघाला बी. त्याचंही त्याला वाईट वाटलं होतं.

ह्यानंतर चार वर्षांनी परळच्या एका धर्मादाय रक्तपेढीत जयवंतला नोकरी लागली. गिरणीतल्या जॉबरचा मुलगा, दादरच्या क्लासात सी प्लस प्लस शिकलेला, म्हणून साऱ्या चाळीला कौतुक. रक्तपेढीत एकच संगणक होता आणि त्याच्यासाठी प्रोग्राम लिहायचा होता. बाकीचा प्रोग्राम त्याने सोपा ठेवला, पण रक्तगट ठरवण्याचं काम तेवढं वेगळं काढलं आणि त्याचा एक कॉम कंपोनंट केला. कंपोनंट म्हणजे काय, तर बंद खोलीत बसवलेला हुशार कारकून समजा. खिडकीतून पाच आकडे आत सरकवायचे, तो गट लिहून बाहेर देतो. आत त्याने काय केलं ते बाहेरच्याने विचारायचं नाही. बाहेरचा प्रोग्राम कितीही बदलला तरी खिडकी तीच राहिली की आतल्याला फरक पडत नाही.

हे पाच आकडे म्हणजे पाच नळ्या. रक्ताचा नमुना पाच नळ्यांत तपासायचा आणि कुठे किती गुठळी झाली ते शून्यापासून चारपर्यंत लिहायचं. साध्या ओ गटाचं येतं शून्य, शून्य, चार, चार, शून्य. मालनचं येतं शून्य, शून्य, चार, चार, चार. फरक काय तो शेवटच्या आकड्याचा. कंपोनंट लिहून झाल्यावर जयवंतने त्याला पहिला नमुना घातला तो आपल्या बहिणीचा. यंत्रातून टुंग असा आवाज आला, पडद्यावर पिवळी पट्टी आली आणि तिच्यावर लिहून आलं, पुन्हा बघा. त्या दिवशी तो बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवला, असं अंबिका सांगते.

ती टुंग पुढे रक्तपेढीच्या अंगवळणी पडली. आठवड्यातून तीन-चारदा वाजायची. कधी नळीतली गुठळी अर्धवट असायची, कधी आकडे एकमेकांशी जुळायचे नाहीत, आणि वर्षातून एखाद-दोनदा खरोखरचा बॉम्बे निघायचा. टुंग झाली की हातातलं काम ठेवून नमुना पुन्हा तपासायचा. नाही झाली की पुढचा घ्यायचा. हळूहळू पाचव्या नळीकडे डोळ्यांनी बघायची कुणाला सवयच राहिली नाही. यंत्र बघतंय की.

आता ह्या कंपोनंटचा मूळ कोड कुठे आहे, असं विचाराल तर तो नाही. जयवंतने त्याच्या तीन प्रती काढून ठेवल्या होत्या. एकावर विश्वास नाही, दोनावरही नाही, म्हणून तीन. आणि तिन्ही ठेवल्या एकाच कपाटात, सर्वांत खालच्या खणात, म्हणजे कुणाचा धक्का लागून पडायला नकोत. दोन हजार पाचच्या पुरात तळमजल्यावर गुडघाभर पाणी होतं. तीन दिवसांनी कपाट उघडलं तेव्हा आत चिखल होता. संगणक टेबलावर होता म्हणून कंपोनंट वाचला, पण चालता-बोलता तेवढाच. आत काय लिहिलंय ते आता जयवंतलाही नीट आठवत नाही.

तर गेल्या वर्षी रक्तपेढीने नवा प्रोग्राम करून घ्यायचं ठरवलं. ते काम ज्या कंपनीला दिलं तिने सलोनी नावाची एक मुलगी पाठवली. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, एकोणतीस वर्षांची, बोलायला चटचटीत. एकटीच्या जबाबदारीवरचं तिचं हे पहिलं काम होतं. सगळं नवं लिहायची तिची तयारी होती, पण रक्तगटाचा नियम कुणी नव्याने लिहायचा म्हटलं की डॉक्टर गुप्ते, रक्तपेढीचे प्रमुख, नकारार्थी मान हलवायचे. पंचवीस वर्षं न चुकलेली गोष्ट कशाला हलवा? म्हणून ठरलं असं की बाहेरचा प्रोग्राम नवा, आतला कारकून जुनाच.

हे जमवायला सलोनीला दोन महिने लागले. पहिले चार दिवस तर नवं यंत्र कंपोनंटला ओळखच द्यायला तयार नव्हतं, नोंदणी नाही म्हणायचं. मग कळलं की जुना बत्तीस बिटचा आणि नवा चौसष्टचा, दोघं एका घरात नांदत नाहीत. तिने दोघांच्या मध्ये एक छोटा प्रोग्राम बसवला, निरोप्यासारखा. ती रोज काहीतरी विचारायची आणि जयवंत रोज काहीतरी आठवायचा. तिला त्याचं नवल वाटायचं. आपल्या जन्माच्या वेळचा कोड लिहिणारा माणूस समोर बसून डबा खातोय, असं ती एकदा म्हणालीसुद्धा. जयवंतने तिला सुधारलं की नाही, तू तेव्हा तीन-चार वर्षांची होतीस.

चाचण्या उत्तम झाल्या. जुने चार हजार नमुने नव्या प्रोग्राममधून काढले आणि चार हजारांचे चार हजार गट जुळले. सोमवारपासून रोजचं कामही नव्यावर सुरू झालं. आठवडाभर दोन्हीकडे नोंदी करायच्या असं ठरलं होतं, पण एकच गोष्ट दोनदा टाकून हात दुखतात म्हणून बुधवारपासून सगळ्यांनी जुन्याकडे पाठ फिरवली. गुण्यागोविंदाने चाललं होतं. शनिवारी चार वाजता जयवंतने एका कागदावर सही करायची होती की जुनं आणि नवं एकसारखं काम करतं. सही झाली की जुना संगणक बंद. लगेच रविवारी गणेशोत्सव मंडळाचं रक्तदान शिबिर, आठशे बाटल्यांचं, आणि ते सगळं नव्यावर व्हायचं होतं.

जयवंतच्या मनात पाल चुकचुकायला लागली ती गुरुवारी. काय चुकतंय ते सांगता येईना. त्याने चार हजार नमुन्यांची यादी घरी आणली आणि बोट ठेवून वाचली. एकही गट चुकलेला नव्हता. अंबिका म्हणाली, अहो, चार हजारांतला एक तरी चुकला असता तर तुम्हाला बरं वाटलं असतं. ते खरंच होतं. चूक सापडली असती तर हातात धरता आली असती. शुक्रवारी त्याचा डबा तसाच परत आला. सही केली आणि आपण चुकलो असलो तर? कुठल्या तरी कॉटवर कुणाची तरी ताई असेल आणि तिला हुडहुडी भरेल. सही केली नाही तर काय सांगणार? धुरींना शंका आली? धुरींना ती रोजच येते.

शनिवारी सकाळी तो डॉक्टर गुप्त्यांकडे गेला आणि म्हणाला की एक आठवडा थांबू या. डॉक्टर भला माणूस. त्यांनी त्याला बसवलं, चहा मागवला आणि विचारलं की नक्की काय वाटतंय ते सांगा. जयवंतला सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, जुन्या यंत्राचा वीजपुरवठा ह्या महिन्यात दोनदा गेला, उद्या आठशे माणसं रांगेत असताना गेला तर? आणि समजा गट चुकला, तरी देण्याआधी बाटलीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळवून, क्रॉसमॅच करतोच की आपण. जयवंत म्हणाला की घाईत बाटली क्रॉसमॅचशिवाय जाते, डॉक्टर, मी पाहिलंय. ह्यावर डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. मग म्हणाले की चार वाजेपर्यंत वेळ आहे, मला एक कारण आणून द्या, एकच.

सलोनीला हे कळलं तेव्हा ती रागावली नाही, पण तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, सर, तुम्ही सांगाल ते सगळं मी तपासलंय, अजून काय तपासू ते तरी सांगा. जयवंतला तिची दया आली आणि स्वतःचा राग. साडेअकरा वाजले, बारा वाजले. तो जुन्या संगणकासमोर नुसता बसून होता.

तेवढ्यात मेघना आली. ही तिथली मुख्य तंत्रज्ञ. जयवंतच्या पाठोपाठ नोकरीला लागलेली, दोन मुलांची लग्नं केलेली, फटकळ पण मायाळू बाई. तिला वाटलं, ह्याला जुनं यंत्र जाणार म्हणून वाईट वाटतंय. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि समजूत घातली. "अहो धुरी, नवं छान आहे. किती शांत आहे बघा. आठवडाभरात एकदा टुंग झालेली नाही, डोकं दुखायचं थांबलं माझं."

जयवंतने कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला आणि बशीतून कागदांवर गेला. आठवड्यातून तीन-चारदा वाजणारी घंटा एकदाही वाजली नाही, आणि तो इथे बसून गट मोजत होता. गट बरोबरच होते. गट कधी चुकणारच नव्हते. बॉम्बे म्हणून जाहीर करायला आणखी एक तपासणी लागते, म्हणून त्याचा कारकून त्या नमुन्यालाही ओच म्हणायचा. फक्त म्हणताना सोबत सांगायचा की मला खात्री नाही.

त्याने सलोनीला हाक मारली आणि सांगितलं की नव्यावर मी सांगतो ते आकडे टाक. शून्य, शून्य, चार, चार, चार. ती म्हणाली, हे कुणाचे, सर? तो म्हणाला, टाक तू. तिने टाकले. पडद्यावर हिरव्या चौकटीत ओ आला. ना आवाज, ना पट्टी. मग जयवंतने स्वतः जुन्यावर तेच आकडे टाकले. चार एकदा चुकून दोनदा पडला. त्याने तो खोडला आणि कळ दाबली.

टुंग.

दारातून निघालेली मेघना जागच्या जागी थांबली. तिचा हात आपोआप नमुन्यांच्या स्टँडकडे गेला होता.

सलोनी खुर्ची ओढून बसली. पंधरा-वीस मिनिटं ती कोड चाळत होती. मग तिने विचारलं, "सर, फंक्शनने परत द्यायच्या आकड्यात तुम्ही काय देत होता?"

प्रकार असा होता. कॉमच्या खिडकीतून दर वेळी दोन गोष्टी बाहेर येतात. एक उत्तर, आणि सोबत एक आकडा, काम झालं की फसलं हे सांगणारा. शून्य म्हणजे झालं. ऋण आकडा म्हणजे फसलं. नवा प्रोग्राम हा आकडा प्रोग्रामरला दाखवतच नाही. फसलं असेल तर तो बोंब ठोकतो, नसेल तर उत्तर तेवढं पुढे करतो आणि आकडा गिळतो. पण पंचवीस वर्षांपूर्वी जयवंतने तिसरं काहीतरी केलं होतं. काम झालं, पण शंका आहे, असं सांगायचं असेल तेव्हा त्याचा कारकून आकडा द्यायचा एक. जुना बाहेरचा प्रोग्राम तो एक बघायचा आणि घंटा वाजवायचा. नव्याच्या दृष्टीने एक म्हणजे फसलेलं नाही, म्हणजे झालंच.

"एक कोण वापरतं, सर?" सलोनी म्हणाली. "मी कुठेच पाहिलेला नाही."

"मी वापरला," जयवंत म्हणाला. "मला त्याच्याशिवाय सांगता येत नव्हतं."

दुरुस्ती म्हणाल तर ओळभर. आकडा गिळू नको, जसाच्या तसा माझ्या हातात दे, असं खिडकीच्या वर्णनात लिहायचं आणि आलेला आकडा एक असेल तर पिवळी पट्टी दाखवायची. सलोनीने ती करून पुन्हा तपासेपर्यंत दोन वाजले. मालनचे आकडे टाकल्यावर नव्या यंत्रावर पिवळी पट्टी आली. आवाज थोडा वेगळा होता, पण आला. सलोनीने डोळे पुसले, आणि जयवंतच्या जीवात जीव आला असं तुम्हाला वाटेल. नाही आला. त्याचं सगळं लक्ष भिंतीवरच्या कॅलेंडरकडे होतं. बुधवारपासून नमुने फक्त नव्यावर तपासले होते. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शिवाय आजची सकाळ. तेवढे दिवस घंटा मुकी होती.

ते सगळे नमुने पुन्हा काढले. एकशे ब्याण्णव निघाले. तिघंही पडद्यासमोर उभी होती आणि डॉक्टर गुप्तेही येऊन मागे उभे राहिले. यंत्र वाजलं दोनदा. पहिला नमुना एका तान्ह्या बाळाचा होता, बाळांचे आकडे अर्धवट येतातच. दुसरा गुरुवारचा. सुरुची, वय सव्वीस, माझगाव. शून्य, शून्य, चार, चार, चार. पुढे छापलेलं, ओ. कार्डही छापून दिलेलं.

मेघनाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. आकडे तिनेच भरलेले होते. बरोबर भरले होते, पाचवा चार तिने स्वतःच्या हाताने टाकला होता, आणि टुंग झाली नाही म्हणून पुढचा नमुना घेतला होता. तिला रडू आवरेना. जयवंतने तीच खुर्ची ओढून तिला बसवलं.

गुरुवारची नळी अजून शीतकपाटात होती. डॉक्टरांनी स्वतः उरलेली तपासणी केली. बॉम्बेच निघाला, वाद नाही. मग त्यांनी माझगावच्या प्रसूतिगृहात फोन लावला. फोन ठेवला तेव्हा ते हळू बोलत होते. मुलीची वार खाली, गर्भपिशवीच्या तोंडावर आहे, रक्त लागायची पुरेपूर शक्यता, सोमवारी सकाळी सिझेरियन. केसपेपरवर ओ लिहिलेलं होतं. घाई झाली तर ओच्या बाटल्या तशाच चढवायच्या असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी ठरवून ठेवलं होतं. आता तो ओ त्यांनी खोडला. पण नुसतं खोडून काय होणार? सोमवारपर्यंत तिच्या गटाचं रक्त हवं होतं. डॉक्टर दुर्मीळ रक्तदात्यांची यादी काढायला आत गेले. यादीत सात नावं होती. दोन परगावी, एकाने महिन्यापूर्वीच दिलेलं.

ते यादी घेऊन बाहेर आले तोवर जयवंतने फोन कानाला लावला होता. दुपारचे तीन वाजत होते. पलीकडे मालनने घाबरूनच फोन उचलला, कारण सकाळचा पावणेनऊचा फोन तर होऊन गेला होता.

"ताई," जयवंत म्हणाला, "कार्ड पर्सात आसा मां?"

"आसा रे बाबा. काय झाला?"

"मगे ता घेवन ये. टॅक्सी कर."

पलीकडे मालनने पायात चपला सरकवल्याचं ऐकू आलं.

ती आली ती घरच्याच साडीत, केस तसेच बांधलेले. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पण जिना चढून आली. मेघनाने तिचा दाब बघितला, रक्ताचं प्रमाण बघितलं, सगळं ठीक होतं. कॉटवर आडवी झाल्यावर तिने एवढंच विचारलं की पोरगी पहिलटकरीण काय गो? मेघनाने हो म्हटल्यावर तिने डोळे मिटले आणि हात पुढे केला. जयवंत बाजूला उभा राहून दर दोन मिनिटांनी विचारत होता की चक्कर येत नाही ना, मळमळत नाही ना. शेवटी मालनने डोळे न उघडता सलोनीला सांगितलं की ह्याला बाहेर घेऊन जा. बाहेर गेल्यावर त्याला आठवलं की चार वाजून गेले. डॉक्टरांनी कागद पुढे केला. त्याने तो तीनदा वाचला आणि सही केली.

रविवारी शिबिरात पिवळी पट्टी नऊ वेळा आली आणि दर वेळी रांग अडली म्हणून लोक ओरडले. सोमवारचा दिवस मात्र जयवंतने कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. सकाळी पावणेनऊला त्याने मालनला फोन केला आणि नेहमीचंच विचारलं. दहा वाजता सिझेरियन होतं. अकरा वाजले, बारा वाजले. मालनची बाटली आणि यादीतल्या आणखी एका दात्याची बाटली माझगावला जाऊन पोचली होती. त्या तशाच पडून राहाव्यात, लागूच नयेत, असं तो मनातल्या मनात घोकत होता. साडेबाराला डॉक्टर गुप्ते त्याच्या टेबलाशी आले.

"दोन्ही लागल्या," ते म्हणाले. "मुलगी झाली. आई बोलतेय."

जयवंत उठून जिन्यात गेला आणि पायरीवर बसला, आणि सलोनी त्याला शोधत येईपर्यंत तिथेच बसून राहिला.

संध्याकाळी अंबिकेबरोबर मालनकडे जायचं होतं. अंबिकेने तिच्यासाठी खजूर आणि नाचणीचे लाडू पिशवीत भरले. दोघं निघाली. जयवंतने दाराला कुलूप लावलं, ओढून बघितलं, पुन्हा ओढून बघितलं. दुसऱ्या मजल्यावर तो थबकला. अंबिका एरवी तोवर फाटकाशी पोचलेली असते. आज ती त्याच्या मागेच होती. त्याने तिच्याकडे बघितलं, जरासा ओशाळला, आणि परत वर गेला. गॅलरीतून कुणीतरी ओरडलं की संकासुरा, बंद आहे रे गॅस. अंबिकेने वर बघून त्याला गप्प राहायची खूण केली. मग पिशवी ह्या हातातून त्या हातात घेऊन, जयवंत खाली येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.